अप्पा आणि गच्चीवरचं ऊन

खरं तर अप्पांवर लिहिण्याचा मान माझा नाही. त्यांची लेक आहे, तिने लिहावं. त्यांच्या हाताखालून गेलेली आणि आता तलाठी, मास्तर, ड्रायव्हर झालेली कितीतरी मुलं आहेत, त्यांनी लिहावं. मी त्यांच्या वसतिगृहात राहिलेल्यांपैकी एक, एवढीच माझी ओळख. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. एखाद्या माणसाबद्दल कागदावर काय सांगायचं असतं आणि काय आपल्याजवळ ठेवायचं असतं, हे मला नीट कळत नाही. काही चुकलं तर अप्पांना ओळखणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण गेल्या काही दिवसांपासून त्यांच्याविषयी कुणाशी तरी बोलावं असं सारखं वाटतं, आणि इथे संभाजीनगरात त्यांना ओळखणारं कुणी नाही. म्हणून लिहितो आहे.

गंगाखेडला बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा जागी एका संस्थेचं दुमजली वसतिगृह आहे. शाळेतली मुलंही तिथे राहतात आणि माझ्यासारखी कॉलेजातलीही. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कुणी कर्नाटकात, कुणी सांगली-साताऱ्याकडे निघून जायचं आणि मुलं इथे राहायची. मन्मथअप्पा या वसतिगृहाचे अधीक्षक. पत्नी वारलेली, एकुलती लेक लातूरला दिलेली, आणि जिन्याखालच्या खोलीत त्यांचा संसार : एक खाट, एक पेटी, पूजेचं सामान.

अप्पा ठेंगणे होते. पांढरा पायजमा, बंडी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. सकाळी अंघोळ करून डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसले की ते एक अक्षर बोलत नसत. मुलांनी यातून एक वाट काढली होती. पूजा चालू असताना दाराशी उभं राहायचं, हळूच म्हणायचं, "अप्पा, आज दोस्ताच्या गावाला जत्रा हाय, जाऊन येतो," आणि पळायचं. परत आल्यावर अप्पा जिन्यात उभे.

"मी हो म्हणलो व्हतो का रे?"

"न्हाई पन म्हणला न्हवता, अप्पा."

"देव समोर व्हता म्हणून वाचलास. उद्या भाकरी थापायला बस मावशीजवळ."

आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशी खरोखरच स्वयंपाकाच्या मावशींजवळ बसून वाकड्यातिकड्या भाकरी थापत असे. सगळ्यांना त्या खाव्या लागत, अप्पांनाही.

संध्याकाळची हजेरी ते तोंडाने घेत नसत. दाराशी येऊन चपलांकडे बघत. "राठोडची चप्पल न्हाई. अन् ही निळी कुनाची? पाव्हना आलाय का कुनाकडं?" एखाद्याची चप्पल तुटली की त्याच्याआधी अप्पांना कळायचं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते त्याला काही न सांगता सोबत घेऊन निघत. वाटेत मात्र अभ्यासाबद्दल बोलत, म्हणजे त्याला लाज वाटू नये.

त्यांचा खरा स्वभाव खरेदीत दिसायचा. अप्पांना कुठलीही गोष्ट पटकन ठरवता येत नसे. "आधी बसून बगू," हे त्यांचं वाक्य. बाकडं घ्यायचं तर दुकानात त्याच्यावर बसून राहत. दुकानदाराने चहा मागवला, तो पिऊन झाला, तरी उठत नसत. "अप्पा, बाकडं हाय ते, बायको न्हवं. किती पारखताव?" असं एकदा दुकानदार म्हणाला. अप्पा म्हणाले, "बायकोला तर न बघताच व्हय म्हणलं व्हतं बाबा. ते नशिबानं चांगलं निघालं. बाकड्याचं काय खरं न्हाई." बादल्या घ्यायच्या तर त्या दुकानातच पाण्याने भरून ठेवायला लावत, बाजार करून येत आणि मग कुठली गळते ते बघत. अप्पा येताना दिसले की गंगाखेडचे दुकानदार आपला दिवस गेला म्हणून समजायचे. पण त्या वसतिगृहातली बादली कधी गळली नाही, हेही खरं.

इमारतीला ते एखाद्या जनावरासारखं वागवत. दुपारी कॉलेजातून यावं तर अप्पा पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवून उभे दिसत, आजारी गाईच्या पोटावर हात ठेवून बघावं तसे. "आज हिला लय ताप हाय," असं म्हणत. आमच्याकडे चैत्र लागला की खोलीत झोपणं अशक्य होतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो, तोही लाईट असली तर. मग सगळं वसतिगृह सतरंज्या घेऊन गच्चीवर जायचं. अप्पा म्हणायचे, "गच्ची ही इमारतीतली सगळ्यात मोठी खोली हाय. तिला छत न्हाई, एवढंच."

या खोलीचा आणखी एक उपयोग होता, तो संस्थेच्या कुठल्याच नियमात बसत नव्हता. हंगाम संपून कारखाने बंद झाले की आमच्याकडे 'पट्टा पडला' म्हणतात. पट्टा पडला की ट्रक माणसांना गंगाखेडला उतरवून पुढे जात. राणीसावरगावकडे, डोंगरातल्या तांड्यांकडे जाणाऱ्या गाड्या सकाळी असत. मग भांडी, बोचकी, कोयते, एखादी शेळी घेऊन ही माणसं वसतिगृहाच्या दारात येत. अप्पा दार उघडत आणि काही न बोलता वर बोट करत. एवढ्या महिन्यांनी आईबाप भेटलेले असत. मुलं संध्याकाळी बापाशी लाजून, पाहुण्यासारखी बोलत. सकाळी खाली उतरताना त्यातलंच एखादं बापाच्या खांद्यावर असे. ज्यांचं मूल वसतिगृहात नाही तेही सोबत्यांबरोबर येत. अप्पा कुणाला विचारत नसत.

हे सगळं आधी सांगितलं, कारण सोलारचा विषय निघाला तेव्हा अप्पा असे का वागले ते यावरून कळेल.

एका वर्षी दिवाळीनंतर संस्थेचे अध्यक्ष आले. कापडाचे व्यापारी होते, मनाने चांगले, पण सगळ्या गोष्टींची घाई असलेले. वसतिगृहातून शिकून गेलेल्या काही मोठ्या माणसांनी मिळून इमारतीवर सोलार पॅनल बसवून द्यायचं ठरवलं होतं. वीजबिल वाढत चाललं होतं आणि बिलापायी आमची जेवणं आटोपती होऊ लागली होती, हे आम्हालाही ताटात दिसत होतं. अध्यक्ष आनंदात होते. त्यांच्यासोबत परभणीहून एक इंजिनीयर मॅडम आल्या होत्या. तरुण, पायात बूट, हातात टेप. त्यांनी गच्ची मोजली, फोटो काढले.

अप्पा म्हणाले, "लय चांगलं काम हाय. एक उन्हाळा बगू द्या."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "अप्पा, सूर्य काय नवीन हाय का? रोज उगवायलाय की!"

"उगवायलाय. पन आपल्या गच्चीवर कुटं कुटं बसतो, ते कुटं बगितलंय आपून?"

आणि दुसऱ्या दिवसापासून अप्पा बघायला लागले. गच्चीवर पाण्याची टाकी आहे, जिन्याची खोली आहे, आणि दक्षिणेला शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवला आहे. या सगळ्यांच्या सावल्या गच्चीवर फिरतात. अप्पा खाट वर घेऊन गेले. डोक्याला पंचा गुंडाळून, छत्री उघडून ते खाटेवर बसत. थोड्या थोड्या वेळाने उठून सावलीच्या कडेकडेने चुन्याची रेघ ओढत, आणि खाट सरकवून पुन्हा बसत. दिवस लहान होत गेले तशा सावल्या लांबत गेल्या आणि रेघा वाढत गेल्या. गच्ची एखाद्या मोठ्या रांगोळीसारखी दिसायला लागली. लहान मुलांना वाटलं, अप्पांनी खेळायला लंगडीची घरं आखून दिली. ती त्यात उड्या मारायची, पायांनी चुना पुसायचा, अप्पा ओरडायचे आणि पुन्हा आखायचे. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या काकूंनी एकदा विचारलं, "अप्पा, कुंडली मांडायलाव का इमारतीची?" अप्पा म्हणाले, "व्हय. तुमचा तिसरा मजला हिच्या राशीला लागलाय, तेवढा काढून घेताव का?"

संक्रांतीच्या सुमारास मॅडम पुन्हा आल्या. गच्ची बघून त्या जिन्याच्या दारातच थबकल्या. अप्पांनी त्यांना हाताला धरल्यासारखं सगळं फिरवून दाखवलं. ही सकाळची, ही दुपारची, ही मार्गशीर्षातली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग मोबाईल काढला आणि त्याच्यावर आमचीच गच्ची दाखवली, टाकीसकट, शेजारच्या मजल्यासकट. बोट फिरवलं की सावली फिरायची. महिना बदलला की लांबायची. अप्पांनी चष्मा लावला. "आजची तारीक लावा," म्हणाले. लावली. मोबाईलमधली सावली आणि चुन्याची रेघ जवळजवळ एकाच ठिकाणी होती.

अप्पा बराच वेळ आळीपाळीने दोन्हीकडे बघत राहिले. मग मोठ्याने हसले. "बराबर हाय की हो! मंजी मी उगंच भाजून निघालो म्हणा!"

"उगंच नाही अप्पा," मॅडम म्हणाल्या. "माझा मोबाईल बरोबर आहे हे कळलं ना."

अप्पांना हे उत्तर फार आवडलं. पुढे कुणीही आलं की सांगत, "पोरगी हुशार हाय. मला येड्यात काढलं, पन मान ठेवून काढलं."

त्याच दिवशी चहा पिताना अप्पांनी सहज विचारलं, "मंग आता लाईट गेली तरी पोरांचा अभ्यास चालू राहील म्हणा."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांनी समजावून सांगितलं की, या प्रकारात बॅटरी नसते. पॅनलची वीज थेट तारेत जाते. बाहेरची लाईट गेली की हीसुद्धा आपोआप बंद होते. नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला झटका बसेल.

"मंजी वर ऊन तळपायलंय अन् खाली पंखा बंद?"

"हो."

सगळा हिवाळा अप्पांनी ऊन मोजलं होतं, पण हा एक प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. सोलार म्हणजे लाईट जाणं संपलं, असंच ते धरून चालले होते. तसं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मी तर विज्ञान शिकत होतो. मलाही ते माहीत नव्हतं.

त्यानंतर काही दिवस अप्पा गच्चीवर गेले नाहीत. खाट वरच पडून होती. आम्हाला वाटलं, विषय संपला. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच मॅडमना फोन लावायला सांगितला. हिला बॅटरी नसते म्हणता, मग ही घेऊन आमचा फायदा काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. फोनचा आवाज मोठा केलेला होता, त्यामुळे मला ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, फायदा बिलात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं असतं, पण पॅनल वीज करतच राहतात. ती वीज कंपनीच्या तारेत जाते आणि आपल्या नावावर जमा राहते. पुढे मुलं परत आली की ती वजा होते. हिशोब मार्चअखेर मिटतो, तोपर्यंत ती आपली.

अप्पांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मंजी पोरं गावाला गेल्यावर पडलेलं ऊन पोरं परत आल्यावर वापरायचं?"

"तसंच समजा."

अप्पांनी फोन ठेवला. सुट्टीतलं वसतिगृह कसं असतं ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ते फक्त अप्पांनी पाहिलेलं होतं. सगळ्या खोल्यांना कुलपं, दाराशी एकच चप्पलजोड. ते म्हणाले, "मे महिन्यात दिवस सरता सरत न्हाई रे हितं. ते ऊन बी कामी येतंय म्हणायलीय ती." त्यांनी ते दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, आणि स्वयंपाकाच्या मावशींना तर इतक्यांदा सांगितलं की त्या म्हणाल्या, "अप्पा, आता बसवा एकदाचं, न्हाईतर मीच वर जाऊन बसते उन्हात."

म्हणजे अप्पांचं ठरलं होतं. सोलार बसवायचं. मग मॅडमनी आराखडा आणला.

आराखड्यात सगळी गच्ची निळी होती. कडेला माणूस पॅनल पुसायला जाईल एवढी वाट, बाकी गुडघ्याएवढ्या सांगाड्यांवर एकामागे एक रांगा. अप्पांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग विचारलं, "निजायचं कुटं?"

अध्यक्ष म्हणाले, "अप्पा, पंखे हायेत की खोल्यांत."

"पोरांचं बगू काहीतरी. पट्टा पडल्यावर येतेत त्यांचं?"

अध्यक्षांना ती माणसं येतात हे माहीत होतं, पण कधी बघितलेलं नव्हतं. ते म्हणाले, "ते काय आपलं काम हाय का?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. अप्पांनी मॅडमना विचारलं, सांगाडा उंच केला तर? मॅडम म्हणाल्या, करता येईल. पण उंच गेलं की वारं उचलायला बघतं, मग लोखंड जास्त लागतं, पाया मजबूत करावा लागतो. आलेल्या देणगीत मग निम्मीच पॅनल बसतील. आणि उंच म्हणजे किती उंच?

किती उंच, हे अप्पांनी पट्टा पडल्यावर ठरवलं. त्या वर्षी माझे आईवडील त्याच दिवशी दुपारी उतरले होते. मॅडम टेप घेऊन आल्या होत्या. अप्पांनी माझ्या आईला हाक मारली. "सखूबाई, ते बोचकं घ्या बरं डोक्यावर. अन् त्याच्यावर तो हंडा बी."

माय लाजून हसली. "काय करायलाव अप्पा? गावाला जायची गाडी सकाळी हाय."

"गाडीचं न्हाई. उभ्या राहा नुसत्या."

मायने अंथरुणाचं बोचकं डोक्यावर घेतलं, त्यावर हंडा ठेवला, एक हात वर धरला आणि ती उभी राहिली. मॅडमनी तिच्या पायापासून हंड्याच्या काठापर्यंत टेप लावला. माय मला म्हणाली, "कशाचं माप घ्यायलेत रे? झगा शिवायलेत का काय माझा?" सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. ते मॅडमना म्हणाले, "ह्याच्या वर एक हात सोडा. बाई न वाकता खालून गेली पायजे. सहा महिने वाकूनच असती ती."

मॅडमनी तो आकडा लिहून घेतला. मग टेप गुंडाळला.

संस्थेची बैठक त्याच आठवड्यात होती. ती नेहमी खालच्या ऑफिसात होई. अप्पांनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाले, "हितं लय उकडायलंय. वर बसू, वारं हाय." आम्ही खुर्च्या वर नेल्या. वर त्या दिवशी उतरलेली माणसं होती. सतरंज्या पसरलेल्या, कडेला तीन दगडांवर पिठलं शिजत होतं. एक म्हातारा कोयत्यांना गोणपाट गुंडाळत होता. पदाधिकाऱ्यांना अंथरुणांमधून पाय उचलून वाट काढावी लागली. एक लहान पोर अध्यक्षांच्या खुर्चीचा हात धरून जे उभं राहिलं ते हलेच ना.

चिटणिसांनी विषय वाचला : पूर्ण गच्चीवर कमी उंचीचे पॅनल बसविणे. वाचताना त्यांचा आवाज आपोआप बारीक होत गेला. कोयते गुंडाळणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर करून विचारलं, "सायेब, बसवा की. पन आमाला कुटं घालताव मग?"

अध्यक्षांनी मॅडमना विचारलं, "उंच केलं तर निम्मीच बसतील ना?"

"हो सर. बिलही निम्मंच वाचेल."

"मंजी निम्मी देणगी वाया."

अप्पा म्हणाले, "वाया कशी सायेब? बाकीची निम्मी ही काय, बसलेली हाय की." आणि त्यांनी गच्चीवरून हात फिरवला.

अध्यक्ष हसले. "अप्पा, तुमी मला फसवून वर आणलंत."

"न्हाई सायेब. वारं हाय, खोटं कशाला बोलू?"

वारं खरोखरच होतं. कुणीतरी अध्यक्षांच्या हातात गुळाचा खडा दिला. त्यांनी तो खाल्ला, गच्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बगू."

त्या संध्याकाळी अप्पा फार खूश होते. निदान नको ते झालं नाही, असं त्यांना वाटलं. पण पावसाळ्याआधीच संस्थेतून निरोप आला की आता नवा, तरुण अधीक्षक नेमायचा आहे. त्यात अन्याय होता असं मी म्हणणार नाही. अप्पांचे गुडघे दुखत होते. गच्चीवर जाताना ते जिन्यात मधे थांबत आणि आम्हाला कळू नये म्हणून भिंतीला हात लावून ताप बघितल्यासारखं करत. लेकही कधीची बोलावत होती. फक्त सोलारचं तसंच राहिलं. सगळ्या गोष्टी 'बगू' म्हणून पुढे ढकलणाऱ्या माणसाच्या हातात आता पुढचं वर्ष नव्हतं. हे त्यांना फार लागलं. शेवटच्या दिवसांत ते मला एकदा म्हणाले, "उन्हाळा बगू द्या म्हणलो न्हसतो तर झालं बी असतं रे आतापतोर."

"गुडघ्याएवढं झालं असतं, अप्पा."

"ते बी खरं."

त्यांना लातूरच्या बसमध्ये बसवायला मी गेलो होतो. पेटी वर टाकली, पूजेची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. मुलं आलेली नव्हती, सुट्टी होती. मला पुढच्या शिक्षणासाठी संभाजीनगरला प्रवेश मिळाला होता. अप्पांनी विचारलं, "तितं उन्हाचं शिकवतेत का काही?" मी म्हटलं, थोडं शिकवतात. "मंग नीट शिक. अन् लाईट गेल्यावर काय व्हतंय ते पयलं इचार," म्हणाले, आणि स्वतःवरच हसले.

बस सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. मी गाडीबरोबर चालू लागलो. ते म्हणाले, "कुनी इचारलं तर सांग. मी नको म्हणलो न्हवतो. मी उंच म्हणलो व्हतो." गाडीने वळण घेतलं. खिडकीतून त्यांचा हात दिसत होता. निरोपाचा हलवतात तसा तो हलत नव्हता. गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर नुसता टेकवलेला होता. अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

इथल्या वसतिगृहात हजेरीला अंगठा लावतात. माणूस आत आहे की बाहेर ते यंत्राला कळतं. पहिले काही महिने मी दाराशी आलो की उगाच चपलांकडे बघायचो. बसमधून जाताना इमारतींवरची निळी पॅनल दिसतात आणि माझं लक्ष आधी त्यांच्या पायांकडे जातं. बहुतेक गुडघ्याएवढीच असतात. तिथे कुणी झोपत नसेल, त्यामुळे तेच बरोबर असेल.

अप्पांना मी फोन करायचो. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. लेक फोन धरायची आणि मधे मधे माझं बोलणं मोठ्याने सांगायची. दिवाळीत बोललो तेव्हा त्यांनी विचारलं, "गंगाखेडचं काही कळलं का?" मला काही कळलं नव्हतं. माझ्या वेळची मुलं पांगली होती, नव्या अधीक्षकांशी ओळख नव्हती. हिवाळ्यात फोन लावला तर तो बंद लागायला लागला. अप्पा फोन बंद करूनच ठेवतात, हे मला माहीत होतं. बॅटरी झिजते असं त्यांचं म्हणणं होतं. माझे आईवडील कर्नाटकात उसात होते. मुकादमाच्या फोनवरून कधीतरी बोलणं व्हायचं, तेही जेवलास का, एवढंच.

पट्टा पडला आणि गावी पोचल्यावर मायचा फोन आला. ती आनंदात होती. म्हणाली, या बारीला बी गंगाखेडला उतरलो अन् वसतिगृहातच गेलो. तू न्हाईस तरी गेलो, कुनी न्हाई म्हणलं न्हाई.

मी विचारलं, "गच्ची उघडी हाय का?"

"हाय की. अरे, सोलारच्या प्लेटा बसविल्यात तितं! निम्म्या गच्चीवर. ह्या शिमग्याच्या आधीच बसल्या म्हणं. अध्यक्ष सायेब सवता उभे व्हते, उंच करा, उंच करा म्हणून."

"उंच हायेत?"

"मांडवावानी हायेत. आमी त्याच्या खालीच निजलो. अन् सांगू का, सकाळी ऊन अंगावर आलंच न्हाई, सावली व्हती. तुजा बाप दिवस वर येस्तोर निजला बग. सहा महिने कोंबड्याच्या आधी उठायलेला माणूस! म्या उठविलंच न्हाई. गाडी गेली तर गेली म्हणलं."

मला एकदम खूप बरं वाटलं. मी म्हटलं, "माय, हे अप्पाला कळवलं का गं कुनी? त्यांना सांगायला पायजे. मी आताच फोन लावतो लातूरला."

मला वाटलं, फोन कट झाला.

"माय?"

"तुला न्हाई कळलं व्हय रे," ती म्हणाली. "अप्पा माघातच गेले. आमाला बी तितं उतरल्यावरच कळलं."